बेटावरचा माड कसा पाहावा: शिंदीच्या मुलखातून जाणाऱ्यांसाठी

नारळाच्या झाडाला दोन्ही हातांनी वेढा घालून खोडाची जाडी मोजा. तीस वर्षांनी त्याच जागी पुन्हा मोजा. माप जवळपास तेवढंच भरेल. वावराच्या धुऱ्यावरचा कडुलिंब किंवा मोह तीस वर्षांत दीड-दोन पट जाड होतो, माड होत नाही. अंदमानला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या माणसाने एवढी एक गोष्ट समजून घेतली की किनाऱ्यावरच्या झाडांचं सौंदर्य नुसतं फोटोपुरतं राहत नाही. ते झाड असं का दिसतं, वादळात का टिकतं आणि कशाने मरतं, हे सगळं त्यातून उलगडत जातं. आपल्या विदर्भातल्या नाल्याकाठची शिंदीही त्याच कुळातली असल्यामुळे परत आल्यावर हे ज्ञान वाया जात नाही.

कडुलिंबाच्या सालीखाली वाढीचा एक पातळ थर असतो. तो दरवर्षी आतल्या बाजूला नवं लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवी साल तयार करतो. म्हणून खोड जाड होतं, कापल्यावर आत वर्षांची वलयं दिसतात, कुऱ्हाडीचा घाव हळूहळू भरून येतो, आणि शेंडा तोडला तर खालून चार फांद्या फुटतात. ताडकुळातल्या झाडांत हा थरच नसतो. नारळ, सुपारी, ताड, शिंदी, खजूर, वेत अशा सुमारे २,६०० जाती या कुळात आहेत. त्या गवताला आणि बांबूला जवळच्या, आंबा-मोहाला लांबच्या. त्यांच्या खोडात पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या धाग्यांचे पुंजके विखुरलेले असतात. बाहेरच्या बाजूला ते दाट, मध्ये विरळ. सिरोंच्याकडे ताडाचं खोड चिरताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे माहीत आहे: बाहेरचा काळा भाग एवढा टणक की त्याचे वासे निघतात, आणि मधला गाभा भुसभुशीत. गाभा कोरून काढला की खोडाची पन्हळ तयार होते.

मग झाड वाढतं कुठून? फक्त शेंड्यातून. पानांच्या मधोमध, देठांच्या बुडाशी दडलेला एक कोंब असतो. सगळी पानं, सगळे फुलोरे, सगळं खोड त्या एकाच जागेतून येतं. रोप लहान असताना पहिली तीन-चार वर्षं खोड दिसतच नाही. त्या काळात कोंब जमिनीलगत रुंद होत असतो. त्याची रुंदी पुरी झाली की मगच खोड वर निघतं आणि साधारण त्याच जाडीने वर जातं. पुढे झाड उंच होतं तसा वाढलेला भार तेच जुनं खोड पेलतं, कारण बुडाकडच्या जुन्या पेशींच्या भिंती वर्षानुवर्षं जाड आणि कठीण होत राहतात. खोडाचा घेर तोच, पण आतून ते पक्कं होत जातं. ऐंशी वर्षांच्या माडाच्या बुडातले पाणी वाहणारे धागे त्याच्या लहानपणचेच असतात. ते बदलून नवे येण्याची सोयच नाही. या झाडांमधली ही गोष्ट आम्हाला सगळ्यात थोर वाटते.

आता बेटावरचं झाड वाचायला घ्या. खोडावर जी आडवी कडी दिसतात ते गळून पडलेल्या पानांचे वण. चांगल्या वाढीचा नारळ वर्षाला बारा ते चौदा पानं काढतो, म्हणजे वर्षाला तेवढीच कडी. छातीच्या उंचीवर एक मीटर अंतर धरा आणि कडी मोजा. पंचवीसच्या आसपास भरली तर तेवढं खोड वाढायला साधारण दोन वर्षं लागली. खालून वरपर्यंत मोजत गेलात, त्यात खोड दिसण्याआधीची तीन-चार वर्षं मिळवली, की वयाचा बऱ्यापैकी अंदाज येतो. कडी एका पट्ट्यात अगदी जवळजवळ आली असतील तर त्या वर्षांत पाणी कमी पडलं किंवा खत मिळालं नाही. त्या जागी खोडही थोडं बारीक असेल, आणि ते बारीकपण कधीच भरून येणार नाही. उंच गेलेल्या माडाचा शेंडा एकदम निमुळता झालेला दिसला तर त्या झाडाची उपासमार चालू आहे हे खालून पाहूनही सांगता येतं.

पानं एका ओळीत येत नाहीत. आधीच्या पानापासून सुमारे १४० अंश वळून पुढचं पान फुटतं, त्यामुळे कोणतंही पान लगेच खालच्या पानावर पूर्ण सावली धरत नाही. झाडाखाली उभं राहून वर पाहिलं की पानांचा फिरता गोफ दिसतो. काही झाडांत तो उजवीकडे फिरतो, काहींत डावीकडे. दोन्ही निरोगीच असतात. डोक्यावर एका वेळी तीस ते चाळीस पानं असतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक फुलोरा. म्हणून नारळाला वर्षभर काही ना काही लागलेलंच दिसतं: सर्वात वर न उघडलेली पोय म्हणजे मिटलेला फुलोरा, त्याखाली फुलं, मग बोंडं, मग शहाळी, सर्वात खाली तपकिरी नारळ. फूल ते पक्का नारळ हा प्रवास बारा महिन्यांचा. शहाळं साधारण सातव्या महिन्यात चांगलं भरतं. एकाच झाडावर वर्षभराचं असं कॅलेंडर टांगलेलं आंब्यात किंवा संत्र्यात पाहायला मिळत नाही.

सुरक्षेची गोष्ट इथेच सांगितलेली बरी. तपकिरी घड असलेल्या माडाखाली बसू नका, पोरांना झोपवू नका. सोडणासकट, म्हणजे वरच्या धाग्यांच्या सालीसकट, पक्का नारळ किलोभराच्या वर भरतो आणि तो पडायच्या आधी सूचना देत नाही. सुकलेली झावळीही जड असते. बसायचंच असेल तर नुकतंच उतरवलेलं, नुसती कोवळी फळं असलेलं झाड पाहा.

किनाऱ्यावरचे माड समुद्राकडे झुकलेले का असतात, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पर्यटक विचारतो. कारणं दोन, आणि ती एकत्र काम करतात. जमिनीच्या बाजूला बाकीच्या झाडांची दाटी असते आणि पाण्याच्या बाजूला मोकळा उजेड, त्यामुळे शेंडा उजेडाकडे वळतो. दुसरं म्हणजे लाटा समुद्राकडच्या मुळांखालची वाळू काढून नेतात आणि बुंधा त्या बाजूला कलतो. कललेल्या झाडाचा शेंडा पुन्हा सरळ वर जायला बघतो, पण खालचं खोड आता बदलत नाही. म्हणून तो वाक कायमचा राहतो. चित्रात दिसणारी ती सुंदर कमान म्हणजे झाड कलल्याची आणि सावरल्याची नोंद आहे.

माडाला सोटमूळ नसतं. बुंध्याच्या तळातून बोटाएवढ्या जाडीची हजारो मुळं निघतात आणि तीही पुढे जाड होत नाहीत. वाऱ्यात पान पातींमध्ये चिरलेलं असल्यामुळे वारा त्यातून निघून जातो, खोड लवतं, आणि इतकी मुळं एकदम उपटणं कठीण जातं. खाऱ्या तुषारांचंही नारळाला वावडं नाही. पण मुळांत खारं पाणी साचून राहिलं तर तो मरतो. २००४ च्या त्सुनामीत निकोबारमध्ये नेमकं हेच घडलं. भूकंपाने बेटांची जमीनच खाली गेली, ग्रेट निकोबारच्या इंदिरा पॉइंटला ती चार मीटरहून जास्त खचली, आणि जिथे समुद्राचं पाणी ओसरलंच नाही तिथल्या बागा गेल्या.

सगळी उंच झाडं मात्र माड समजू नका. स्वराज द्वीपच्या म्हणजे जुन्या हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर जी भव्य, सरळ खोडांची रांग आहे ती स्थानिक लोक ज्याला सी महुआ म्हणतात त्याची. तो आपल्या मोहाच्याच कुळातला आहे, आणि मोहाखाली लहानाचं मोठं झालेल्या माणसाने तिथे थांबून त्याची पानं जरूर पाहावीत. अंदमानच्या मुख्य बेटांवरचे नारळ बहुतेक १८५८ नंतरच्या वसाहतीत लावलेले आहेत, निकोबारमध्ये नारळ फार जुना. लांब काटेरी पानं आणि खोडाला टेकू दिल्यासारखी हवेतली मुळं दिसली तर तो केवडा. तो ताडकुळात मोडत नाही. हॉटेलच्या दारात पंख्यासारखी एकाच पातळीत पानं पसरलेलं ट्रॅव्हलर्स पाम असतं, त्याच्या नावात पाम असलं तरी ते केळीच्या जवळचं, मूळ मादागास्करचं.

ताडकुळातला नारळाचा जवळचा नातेवाईक ओळखायची एक सोपी खूण आहे आणि ती हात लावून पाहता येते. नारळाच्या झावळीची एक पाती तिच्या बुडाशी, मधल्या दांड्याला चिकटते तिथे बघा. तिची घडी खाली वळलेली असते, वरून थेंबभर पाणी सोडलं तर दोन्ही अंगांनी ओघळतं. सुपारीचंही तसंच. आता गावी येऊन शिंदीची पाती बघा. तिची घडी वर उघडी असते, सोडलेला थेंब आत थांबतो आणि दांड्याकडे जातो. ताडाची आणि खजुराची घडीही शिंदीसारखीच. या एका खुणेवर ताडकुळाच्या दोन मोठ्या शाखा बहुतेक वेळा वेगळ्या ओळखता येतात. शिंदीच्या पानाच्या बुडाशी जे लांब काटे टोचतात तेही मुळात पानाच्या पातीच आहेत, खालच्या पात्यांचे काटे झालेले.

बाकीचे लवकर ओळखू येतात. सुपारीचं खोड बारीक, कोवळं असताना हिरवं, आणि पानांच्या खाली देठांनी बनलेलं गुळगुळीत हिरवं नळकांडं. खाडीत, खाऱ्या चिखलात, खोड न दिसता थेट पाण्यातून उठलेली भलीमोठी पानं दिसली तर ती निपा. तिचं खोड चिखलात आडवं असतं. जंगलात आकड्यांच्या दोऱ्यांनी दुसऱ्या झाडांवर चढलेला दिसतो तो वेत, ज्याच्या खुर्च्या होतात. कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावर आणि श्रीलंकेत श्रीताड भेटला तर नशीब समजा. तो तीस ते ऐंशी वर्षांत एकदाच फुलतो, शेंड्यावर सहा-आठ मीटर उंचीचा फुलोरा काढतो, फळं पिकली की मरतो. वाढीचा एकच कोंब असतो आणि तोच फुलोऱ्यात संपतो, मग पुढे वाढायला काही उरत नाही. फांद्या फुटणारा ताडही आहे. दीवच्या बेटावर होका पाहायला मिळतो, त्याचा कोंब दोनांत दुभागतो आणि प्रत्येक वाट पुन्हा दोनांत.

एका कोंबाची किंमत काय असते ते रोग-किडींत दिसतं. बेटावर असो की ब्रह्मपुरीच्या परसात, माडाच्या उघडलेल्या पानावर दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर त्रिकोणी कापे दिसले तर ते गेंड्या भुंग्याचं काम. पोरं कागदाच्या घड्या घालून एकदा कात्री चालवतात आणि उघडल्यावर नक्षी निघते, तसंच हे होतं: भुंगा कोंबातल्या घडी घातलेल्या पानाला एकदाच आरपार कुरतडतो, पान उघडल्यावर तो एक घास ओळीने कापलेला दिसतो. पानाचं नुकसान सोसतं. कोंबापर्यंत पोचला तर झाड जातं. तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढायचा, आणि वरच्या दोन-तीन पानांच्या बगलांत निंबोळी पेंड व वाळू पाव-पाव किलो मिसळून वर्षातून तीनदा भरायची. त्याची अळी शेणखताच्या उकिरड्यात वाढते, म्हणून झाडाजवळ खताचा ढीग ठेवू नये.

सोंड्या भुंगा याहून वाईट. तो जखमेच्या वासावर येतो, तिथे अंडी घालतो आणि अळ्या आतून खोड खातात. खोडावर बारीक भोक, त्यातून तांबूस-तपकिरी चिकट रस आणि चावलेल्या धाग्यांचा भुसा, ही त्याची खूण. शेंडा कोलमडेपर्यंत वाट पाहिली तर उपाय उरत नाही. चढण्यासाठी खोडाला कोयत्याने पायऱ्या पाडू नका, असं बागाईतदार सांगतात ते यासाठीच. ती जखम कधीच भरत नाही. हिरवी झावळीही तोडू नये: एक पान गेलं म्हणजे त्याच्या बगलेतला एक घडही अशक्त झाला. तोडावीच लागली तर खोडापासून १२० सेंटीमीटर देठ ठेवून तोडावी, म्हणजे वास आला तरी अळी खोडात शिरत नाही. पावसाळ्यात मधलं कोवळं पान पिवळं पडून हलक्या ओढीने हातात आलं आणि बुडाला घाण वास आला तर कोंब कुजतोय. कुजका भाग पूर्ण खरवडून निरोगी भागापर्यंत जायचं, बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायची आणि नवं पान येईपर्यंत वरून पाऊस लागणार नाही असं झाकायचं.

बेटावरून मोड आलेला नारळ पिशवीत घालून गावी आणण्याचा मोह अनेकांना होतो. आणू नये. त्यासोबत कीड येते, आणि कोणत्या झाडाचा आहे हे कळत नाही. लावायचंच असेल तर सरकारी किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून उंच जातीचं वर्षभराचं रोप घ्या: सहाच्या आसपास पानं, बुडाचा घेर दहा सेंटीमीटर, पानं लवकर पातींत चिरायला लागलेली. आपल्याकडे नारळ जगतो, पण बेटासारखा फळत नाही, आणि त्यामागे हवा आहे. नारळाला सरासरी २७ अंशांच्या आसपासचं, दिवस-रात्रीत फार न बदलणारं तापमान आणि दमट हवा लागते. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडी, आणि डिसेंबरात पहाटे दहाच्याही खाली. थंडीत नवी पानं कमी येतात, म्हणजे घडही कमी. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या झळांत मादी फुलं आणि कोवळी बोंडं गळतात. त्यात काळी माती उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवते.

तरी घराच्या आडोशाला, विहिरीच्या नालीजवळ दोन माड लावायला हरकत नाही. खड्डा लांबी-रुंदी-खोलीला एक-एक मीटर घ्या, काळी माती बाजूला टाकून गाळाची माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरा. पाणी तुंबत असेल तर जागा उंच करा. रोपाच्या मानेवर माती चढू देऊ नका, कोंब तिथेच आहे. पहिले दोन उन्हाळे पश्चिमेकडून सावली द्या. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात चार दिवसांआड सुमारे २०० लिटर पाणी, बुंध्यापासून पावणेदोन मीटरपर्यंतच्या आळ्यात, आणि आळ्यावर सोडणांचं किंवा पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या झाडांच्या) भुशाचं आच्छादन. खताचा साधारण वार्षिक हिशोब: ५० किलो शेणखत, १.१ किलो युरिया, दोन किलो सुपर फॉस्फेट, दोन किलो पोटॅश, हप्त्यांत विभागून. पोटॅश टाळू नका, नारळाला त्याची भूक सगळ्यात जास्त.

आणि शिंदी? ती मात्र आपल्या हवेसाठीच घडलेली आहे, नाल्याच्या काठी पाणी नसतानाही उभी राहते. तिचा रस काढणारे लोक नारळ-ताडासारखा फुलोरा कापत नाहीत. भामरागड-एटापल्लीकडे माडिया लोक गोरग्याचा, म्हणजे माशाच्या शेपटीसारख्या पातींच्या ताडाचा, रस काढतात तोही फुलोऱ्यातून. शिंदीत मात्र पानांच्या खाली कोवळ्या खोडालाच काप देतात. एका वर्षी एका बाजूला, पुढच्या वर्षी समोरच्या. खोड भरून येत नसल्यामुळे हे काप जसेच्या तसे राहतात आणि झाड उंच होत जातं तशी नागमोडी खाचांची रांग तयार होते. त्या खाचा मोजल्या की किती हंगाम रस काढला ते कळतं. काप फार खोल गेले किंवा कोंबाला लागले तर ते झाड हातचं गेलं. हिवाळ्यात रस काढतात, कारण गारव्यात तो लवकर आंबत नाही. पहाटे उतरवला तर गोड नीरा, ऊन चढलं की ताडी.

शिंदीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, ताडातही तसंच. नारळात दोन्ही फुलं एकाच फुलोऱ्यात असतात, म्हणून हा फरक अनेकांच्या ध्यानात येत नाही आणि धुऱ्यावरची एखादी शिंदी कधीच फळत नाही म्हणून तोडली जाते. हिवाळा सरताना फुलोरा बाहेर आला की हाताने झटकून पाहा. पांढुरकी भुकटी उडाली तर तो नर. मादीच्या फुलोऱ्यावर नुसते हिरवट-पिवळे मणी असतात. परिसरात एकही नर उरला नाही तर बाकीच्या शिंद्यांना उन्हाळ्याच्या शेवटी ती केशरी फळं धरणार नाहीत, म्हणून तोडायच्या आधी एक फुलोरा येईपर्यंत थांबा.